धार आणि सूर

मराठीत ‘लावणे’ हे क्रियापद मोठे उपयोगी आहे. गवई तंबोरा लावतो, तबलजी तबला लावतो, घड्याळजी घड्याळ लावून देतो आणि सुतार आपल्या पटाशीला धार लावतो. इतक्या निरनिराळ्या क्रियांना एकच शब्द कसा पुरतो, याचा थोडा विचार केला तर एक गोष्ट ध्यानात येते. या प्रत्येक ठिकाणी वस्तू आधीच तयार असते. परंतु ती कामास येण्यापूर्वी तिला एका नेमक्या स्थितीत आणून ठेवावे लागते. ती स्थिती किंचित ओलांडली तरी काम बिघडते, अलीकडे राहिली तरी बिघडते. आणि ती कोठे आहे याचा अखेरचा निवाडा माणसाचा कान, डोळा किंवा बोट यांनीच करावयाचा असतो.

यंत्रे आली म्हणजे हा निवाडा माणसाच्या हातून जाईल, अशी एक समजूत पुष्कळ काळ प्रचलित होती. ती कितपत खरी आहे हे पाहण्यास पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत हे एक चांगले उदाहरण आहे. वादळानंतर रस्त्यावर आडवे पडलेले झाड कापताना हे यंत्र पुष्कळ श्रोत्यांनी पाहिले असेल. बाजारात त्याला ‘चेन सॉ’ म्हणतात. हातात धरण्याजोगे छोटे इंजिन, त्याच्यापुढे लांबट पोलादी पट्टी, आणि त्या पट्टीच्या कडेने वेगाने फिरणारी दातेरी साखळी, एवढाच त्याचा संसार. पण हा संसार सुरळीत चालवणे सोपे नाही. हे यंत्र जितके बलवान तितकेच हळवे आहे, आणि त्याचा हळवेपणा ज्याला ओळखता येतो तोच ते दुरुस्त करू शकतो.

अशी ओळख असलेल्या हातांची परंपरा पाहावयाची तर लखनौच्या चौकात जावे. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत पसरलेल्या या जुन्या पेठेत ‘कारखाना’ या शब्दाचा जुना अर्थ अद्याप शिल्लक आहे. कारखाना म्हणजे धुराड्याची इमारत नव्हे. कारखाना म्हणजे राहत्या घरातील एक खोली, तीत बसणारे दोनचार माणसांचे कुटुंब आणि त्यांची हत्यारे. चिकनच्या कापडावर नक्षी उमटवणारे लाकडी ठसे येथे कोरले गेले, जरदोजीचे कापड लाकडी चौकटीवर ताणून येथे भरले गेले, आणि चांदीचा वर्ख हातोडीने ठोकणाऱ्यांचा ठेका या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत राहिला. वर्ख ठोकणारा हात एका जागी किंचित जड पडला तर पान फाटते. ठसा कोरणाऱ्याची कोरणी बोथट असेल तर नक्षीची रेघ तुटते. हत्यार लावणे आणि हात राखणे हे येथील शिक्षणाचे पहिले पाठ. जवळच नखासचा बाजार आहे. तेथे जुन्यापुराण्या वस्तू विकावयास येतात, आणि ज्याला पारख असते तो त्यांतून कामाचे हत्यार उचलतो.

चौकातून पश्चिमेस हरदोईची वाट धरली की काकोरी लागते आणि लखनौपासून सुमारे २५ किलोमीटरांवर मलिहाबाद येते. हा सारा आंब्याचा मुलूख. दशहरी आंब्याला ज्या गावाचे नाव मिळाले ते दशहरी गाव काकोरीजवळचेच. आमराई म्हटली की छाटणी आली, छाटणी म्हटली की आज साखळी-करवत आली, आणि करवत म्हटली की तिची दुरुस्तीही ओघानेच आली. मलिहाबादच्या एखाद्या बागेतून अशी एक करवत चौकातल्या एखाद्या घरगुती कारखान्यात दुरुस्तीस आली आहे, असे क्षणभर मानू या. ती उघडण्यापूर्वी तिचे कूळ पाहणे उचित होईल. कारण ते फार विलक्षण आहे.

साखळीला दात बसवून कापण्याची कल्पना रानात जन्मलेली नाही. ती शस्त्रवैद्याच्या हातात जन्मली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोघा स्कॉटिश वैद्यांनी हाड कापण्यासाठी बारीक दातांची लवचीक साखळी वापरात आणली. अडलेल्या बाळंतपणात वाट मोकळी करणे किंवा सडलेले हाड काढणे अशा कामांसाठी ती होती. दोन टोकांच्या मुठी धरून ती आळीपाळीने ओढावी लागे. पुढे १८३० च्या सुमारास जर्मनीतील बर्नहार्ड हाइने याने पट्टीभोवती साखळी बसवून ती मुठीने फिरवण्याची युक्ती काढली. भूल देण्याचे शास्त्र अद्याप यावयाचे होते. कापण्याचा वेळ जितका कमी, तितक्या रोग्याच्या यातना कमी. तेव्हा या हत्याराच्या जन्मामागे वेग आणि करुणा या दोन्ही गोष्टी होत्या. चौकातच १९११ साली सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आजचे विद्यापीठ, उभे आहे. त्याच्या आसपास कोणी करवत दुरुस्त करीत असेल, तर दूरच्या नात्याने ते शस्त्रक्रियेच्या हत्याराचीच सेवा करणे होय.

झाडासाठी साखळी-करवत आली ती १९२० नंतरच्या दशकात. जर्मनीत आन्ड्रेआस श्टील याने १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. आरंभीची ही यंत्रे इतकी बोजड होती की ती धरण्यास दोन माणसे लागत. योगायोग असा, की त्याच १९२६ सालात लखनौमध्ये लावण्याच्या दुसऱ्या एका विद्येची शाळा उघडत होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी तेथे मॅरिस संगीत महाविद्यालय स्थापन झाले, आणि पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. एका मराठी माणसाने लखनौला शास्त्रशुद्ध सूर लावण्याची शाळा दिली, ही गोष्ट मराठी श्रोत्यांना परिचित आहेच. तंबोऱ्याचा सूर आणि इंजिनचा सूर यांचा संबंध काय, असे येथे कोणी विचारील. तो संबंध थोड्या वेळाने आपोआप स्पष्ट होईल.

आजच्या साखळीचा दात मात्र आणखी एका गुरूकडून आला. अमेरिकेच्या ऑरेगॉन प्रांतात लाकूडतोडीचे काम करणारा जोसेफ कॉक्स हा १९४६ साली लाकडे फोडीत असता, लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळीकडे त्याचे लक्ष गेले. ती अळी लाकडाच्या रेषेच्या अनुरोधाने जशी सहज जाई, तशीच आडवीही जाई. आणि तिचे दोन वळलेले जबडे आळीपाळीने डावीकडचे व उजवीकडचे लाकूड कातरीत. कॉक्सने ते जबडे पोलादात उतरवले. तोवरच्या साखळीचे दात साध्या करवतीसारखे ओरबाडणारे होते. नव्या साखळीचे दात रंध्यासारखे तासणारे झाले. एक दात डावा, एक उजवा, अशी त्यांची आजही चालू असलेली मांडणी त्या अळीच्या जबड्यांवरूनच घेतली आहे. आंब्याचे खोड पोखरणारी भिरूड ही अळीही त्याच लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या कुळातली. जिच्यापासून झाड वाचवावयाचे, तिच्याच भाऊबंदांकडून झाड छाटण्याची विद्या माणसाने घेतली.

झाड वाचवण्यासाठी छाटावयाचे, हे ऐकण्यास विपरीत वाटेल. पण आमराईत ते सत्य आहे. चाळीस-पन्नास वर्षांची आंब्याची झाडे दाट लावलेली असली म्हणजे एकमेकांत शिरतात. खाली ऊन पोहोचत नाही, फळ फक्त शेंड्याला धरते, फवारा तेथवर जात नाही आणि उत्पन्न घटत जाते. अशी बाग तोडून टाकावी की राखावी, हा बागवानापुढचा खरा प्रश्न असतो. लखनौजवळ १९७२ साली आंबा संशोधन केंद्र सुरू झाले. तेच पुढे रहमानखेड्याची केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था म्हणून प्रसिद्धीस आले. याच वर्षी दापोलीस कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. उत्तरेत दशहरीसाठी आणि कोकणात हापूससाठी दोन्हीकडच्या अभ्यासकांनी म्हाताऱ्या झाडांच्या पुनरुज्जीवनाचा मार्ग दाखवला. लखनौच्या पद्धतीत डिसेंबरच्या सुमारास झाडाच्या मोठ्या फांद्या साधारण ४ ते ५ मीटर उंचीवर कापतात, कापलेल्या तोंडांवर बुरशीनाशकाचा लेप देतात, नंतर फुटणाऱ्या धुमाऱ्यांची विरळणी करतात, आणि दोनतीन वर्षांत झाड पुन्हा फळावर येते. कोकणात मोरचूद आणि चुना यांचा बोर्डो लेप अशा जखमांसाठी चांगला परिचयाचा आहे.

पण या साऱ्या उपचाराचे यश एका गोष्टीवर अवलंबून असते; ती म्हणजे कापाची शुद्धता. फांदीच्या खालून आधी थोडा काप देऊन मग वरून कापले पाहिजे. नाही तर फांदी आपल्या भाराने कोसळताना खोडाची साल उभी सोलून नेते. बोथट साखळी तर लाकूड कापीतच नाही. ती ते घासते, जाळते आणि तंतू तंतू करून तोडते. अशी फाटकी जखम लवकर भरत नाही. तिच्यात पाणी साचते, बुरशी शिरते आणि भिरुडीला आयते घर मिळते. म्हणजे पन्नास वर्षांच्या झाडाचे पुढचे आयुष्य एका दाताच्या धारेवर ठरते असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

आता चौकात आलेल्या त्या करवतीकडे वळावे. आणणाऱ्याची तक्रार बहुधा एकाच वाक्यात असते: यंत्रात जोर राहिला नाही. अशा वेळी अर्धवट शिकलेला कारागीर पहिल्याप्रथम पेचकस उचलतो आणि कार्ब्युरेटरचे पेच फिरवू लागतो. पेच फिरवल्याने आवाज बदलतो, क्षणभर वेगही वाढल्यासारखा वाटतो, आणि गिऱ्हाईक समाधानाने पैसे देऊन निघून जाते. आठ दिवसांनी तेच यंत्र जळून परत येते. जाणता कारागीर पेचांना शेवटी हात लावतो. तो आधी साखळी पाहतो, मग हवा, मग इंधन, मग ठिणगी, मग सिलिंडरातील दाब. आणि हे सर्व ठीक असल्याची खात्री झाल्यावरच सूर लावण्यास बसतो. रोग साखळीत असताना औषध इंजिनला देणे, ही या विद्येतील सर्वांत मोठी आणि सर्वांत सामान्य चूक होय.

साखळी बोथट आहे की धारदार, हे जमिनीवर पडलेला भुसाच सांगतो. धारदार साखळी जाडसर ढलप्या उडवते. बोथट साखळीतून पिठासारखी पूड पडते आणि लाकडावर काळसर डाग दिसतो. धारदार साखळी स्वतःच लाकडात ओढली जाते. बोथट साखळी दाबावी लागते, आणि जो दाबतो त्याचा तोल जातो. दातांना धार लावण्यास गोल कानस लागते. तिची जाडी साखळीच्या मापावर ठरते. लहान साखळीस ४ मिलिमीटर, मध्यम साखळीस ४.८ मिलिमीटर, अशी. कानस दातात अशी धरावी की तिच्या जाडीचा सुमारे पाचवा भाग दाताच्या वर राहील. बहुतेक साखळ्यांत कोन ३० अंशांचा ठेवतात, आणि कानस आतून बाहेर, एकाच दिशेने फिरवतात. परत आणताना ती दातावरून उचलतात. मागेपुढे घासणारा माणूस कानसही मारतो आणि दातही मारतो.

येथे हाताची शिस्त कसास लागते. प्रत्येक दाताला तितकेच फटके, तितकाच दाब आणि तोच कोन मिळाला पाहिजे. उजव्या हाताने काम करणाऱ्याचे एका बाजूचे दात नकळत अधिक घासले जातात; मग डावे दात लांब आणि उजवे आखूड होतात, आणि करवत सरळ न जाता फांदीत वाकडी शिरू लागते. म्हणून सर्वांत आखूड दात शोधून बाकीचे सारे त्याच्या मापाला आणावे लागतात. बलवानाने दुर्बळाच्या मापाला यावे, असा येथील न्याय आहे. दाताच्या पुढे एक लहानसा उंचवटा असतो. दाताने एका वेळी किती खोल घास घ्यावा हे तो ठरवतो. तो दाताच्या माथ्यापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. धार लावता लावता दात झिजून खाली येतो, तेव्हा हा उंचवटाही चपट्या कानशीने उतरवावा लागतो. पण घाईने तो अधिक उतरवला तर दात हावरा होतो, अधाशासारखा लाकूड पकडतो आणि करवत हातातून उसळते.

ही उसळी म्हणजे या यंत्राचा सर्वांत भयंकर स्वभाव. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग चुकून एखाद्या फांदीला लागला की साखळीची सारी शक्ती उलटी फिरते, आणि पापणी लवण्यापूर्वी करवत वर व मागे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येते. ती थोपवण्यासाठी पुढच्या मुठीजवळ साखळी रोखणारा ब्रेक असतो. भुसा आणि तेल यांचा थर साचून तो अडकलेला असेल, तर दिसावयास यंत्र पूर्ण असते, पण त्याचे रक्षण गेलेले असते. गिऱ्हाइकाने ब्रेकबद्दल तक्रार केलेली नसते. केवळ जोर नाही एवढेच तो म्हणालेला असतो. तरीही ब्रेक उघडून साफ करणे आणि तपासल्यावाचून यंत्र परत न देणे, यातच कारागिराचा धर्म दिसतो. आमराईत झाडावर चढून काम करणाऱ्या माणसाचे हात आणि डोळे त्या वेळी दूर शहरातल्या एका खोलीत, दुसऱ्या कोणाच्या प्रामाणिकपणावर सोपवलेले असतात.

साखळीनंतर हवा. या इंजिनचे श्वास घेण्याचे द्वार म्हणजे हवेची गाळणी. आंब्याच्या भुशाने आणि तेलाच्या तवंगाने ती भरली की इंजिनला हवा कमी पडते, इंधन अधिक जाते आणि ते गुदमरते. अशा वेळी पेच फिरवून इंधन कमी केले तर तात्पुरते बरे वाटते. पण पुढे कोणी गाळणी साफ केली की तेच इंजिन उपाशी पडते. मग इंधनाकडे पाहावे. हे इंजिन दोन ठोक्यांचे असते. त्याला निराळे वंगण नसते. पेट्रोलात मिसळलेले तेलच त्याच्या आतील भागांना ओलावा देते. कंपनीने ५० भाग पेट्रोलास १ भाग तेल सांगितले असेल, तर एका लिटरात २० मिलिलिटर तेल पडले पाहिजे. अंदाजाची धार येथे चालत नाही. भारतात पेट्रोलातील इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर आले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि जुन्या रबराला बाधते. त्यामुळे हंगाम संपल्यावर टाकीत इंधन तसेच ठेवून दिलेली करवत पुढच्या हंगामात रुसून बसली, तर त्यात नवल नाही. टाकी रिकामी करून मगच यंत्र ठेवून देणे, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

या करवतीचा कार्ब्युरेटर साध्या मोटारीसारखा नसतो. मोटारीच्या जुन्या कार्ब्युरेटरात इंधनावर तरंगणारा फुगा असे. तो सरळ उभा असला तरच काम करी. करवत तर आडवी, उलटी, तिरपी, कशीही धरावी लागते. म्हणून तीत फुग्याच्या जागी एक पातळ पडदा बसवलेला असतो. इंजिनच्या आतील दाबाच्या स्पंदनाने इंधन ओढले जाते आणि पडदा ते मापून देतो. हा पडदा कडक झाला, आकसला, की सारा हिशेब चुकतो. निरोगी पडदा बोटाला मऊ लागतो. बिघडलेला पडदा कागदासारखा करकरतो. त्यासाठी कोणत्याही मापकाची गरज नसते.

त्यानंतर ठिणगी. प्लगच्या टोकांतील फट बहुधा ०.५ मिलिमीटर असते. प्लगचा रंग म्हणजे इंजिनची जीभ: तपकिरी असेल तर प्रकृती ठीक, काळी व ओली असेल तर इंधन अधिक, पांढरट असेल तर इंधन कमी आणि ताप जास्त. शेवटी दाब. दोरीच्या मुठीला धरून करवत अधांतरी लोंबकळू दिली असता ती सावकाश, थांबत थांबत खाली आली तर दाब शाबूत आहे. सर्रकन आली तर दट्ट्या किंवा त्याच्या कड्या झिजल्या आहेत. धूर बाहेर टाकणारा डबा काढून आत डोकावले तर दट्ट्याचा चेहरा दिसतो. त्यावर उभे ओरखडे असतील, तर समजावे की कोणी तरी हे इंजिन तेलावाचून पळवले आहे.

इतके सर्व झाल्यावर सूर लावण्याची वेळ येते. एक पेच मंद गतीच्या इंधनाचा, दुसरा पूर्ण वेगाच्या इंधनाचा आणि तिसरा नुसती मंद चाल कमीअधिक करण्याचा. इंजिन आधी चांगले तापवून घ्यावे लागते. थंड तंबोरा आणि थंड इंजिन यांचे सूर दोन्ही फसवे. मंद चाल मिनिटास साधारण २५०० ते ३००० फेऱ्यांची असावी, आणि त्या वेळी साखळी मुळीच फिरता कामा नये. खरी परीक्षा पूर्ण वेगाच्या पेचाची. करवत मोकळी असताना पूर्ण वेग दिला, की नीट लावलेल्या इंजिनच्या आवाजात किंचित फरफर असते. जणू सुरात थोडी खर आहे. करवत लाकडात शिरताच ती फरफर नाहीशी होते आणि आवाज एकसंध होतो. उलट इंधन कमी केले की मोकळे इंजिन स्वच्छ, तीव्र, शीळ घातल्यासारखे गाऊ लागते. न शिकलेल्या कानाला हा सूर फार आवडतो. पण तोच सूर घातक. कारण इंधन कमी म्हणजे त्यासोबत जाणारे तेलही कमी. उष्णता वाढते, दट्ट्या फुगतो आणि सिलिंडराला चिकटून बसतो. तंबोऱ्यात गोड सूर खरा. येथे अति गोड सूर खोटा. हे ज्याला कळले त्याचा कान तयार झाला म्हणावयाचे.

हा सूर ऋतूप्रमाणेही बदलतो. लखनौच्या मे महिन्यातील विरळ, तापलेल्या हवेत जे इंजिन बरोबर लावले, तेच डिसेंबरच्या थंडीत जड हवेमुळे इंधनाला उपाशी राहते. आणि आंब्याच्या छाटणीचा हंगाम तर नेमका डिसेंबरचा. नव्या करवतींतील पेचांना कंपन्या मर्यादा घालून देतात, काहींत तर विजेचे यंत्रच हे मोजमाप करते. तथापि ते यंत्रही गाळणी साफ करीत नाही आणि दाताला धार लावीत नाही.

घरगुती कारखान्याची एक निराळी जबाबदारी असते. जेथे काम चालते तेथेच घरची माणसे राहतात, मुले झोपतात, चूल पेटते. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि चुलीपर्यंत पोहोचते. इंजिनच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वासही नसतो. म्हणून इंजिन बंद खोलीत कधीही चालवू नये, तापलेल्या यंत्रात इंधन भरू नये आणि आवाजाची परीक्षा मोकळ्या जागेतच करावी. तो आवाज १०० डेसिबलच्याही वर जातो. सूर ओळखणारा कान हेच ज्याचे भांडवल, त्याने तो झाकून राखला नाही तर दहा वर्षांनी त्याची विद्याच त्याला ऐकू येणार नाही.

या हत्याराची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. ज्या करवतीने म्हाताऱ्या आमराईला पुन्हा फळ येते, तिनेच ती एका दिवसात भुईसपाटही होते. पूर्वी मोठे झाड तोडण्यास माणसांना जे श्रम पडत, तेच झाडाचे एक प्रकारचे संरक्षण होते. ते संरक्षण यंत्राने काढून घेतले, तेव्हा ते कायद्याला द्यावे लागले. महाराष्ट्राने १९६४ साली आणि उत्तर प्रदेशाने १९७६ साली केलेल्या कायद्यांनी वृक्षतोडीवर परवानगीचे बंधन घातले. ते बंधन पाळले जावे हे खरेच. परंतु कापावे किती आणि राखावे किती, हे तारतम्य बागवानाच्या मनात नसेल, तर केवळ कायद्याने झाड वाचत नाही.

आता बॅटरीवर चालणाऱ्या साखळी-करवती आल्या आहेत. त्यांत कार्ब्युरेटर नाही, प्लग नाही, धूर नाही. सूर लावण्याचे काम त्यांनी संपवले आहे असे म्हणता येईल. धार लावण्याचे काम मात्र जसेच्या तसे उरले आहे. साखळीचा दात लाकडाला लागतो तेव्हा त्याला मागे पेट्रोल आहे की वीज, याची वार्ता नसते. त्याला फक्त कानस कशी फिरली एवढे ठाऊक असते. चौकातील ठसे कोरणाऱ्यांनी, वर्ख ठोकणाऱ्यांनी जी शिस्त जपली, तीच येथेही लागते: कारण शोधल्याशिवाय पेच फिरवू नये, दुबळ्या दाताला सोडून पुढे जाऊ नये, आणि न विचारलेला दोषही दुरुस्त केल्यावाचून यंत्र परत देऊ नये. असे लावलेले यंत्र मलिहाबादेस परत गेले, की छाटणीच्या सकाळी फांदीवर एक गुळगुळीत, फिकट काप उमटतो, आणि पावसाळ्यापूर्वीच त्याच्या कडेला तांबूस पालवी दिसू लागते.